गावाचा आर्थिक आराखडा: कामांच्या यादीआधी हिशेब मांडा

कोणत्याही ग्रामपंचायतीचा विकास आराखडा उघडा. बहुतेक ठिकाणी तेच दिसेल: अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत बंदिस्त गटार, शाळेसमोर पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीला संरक्षक भिंत, चौकात हायमास्ट. ही कामं लागतातच, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण आराखड्याच्या शेवटच्या पानापर्यंत गेलात तरी गावातल्या माणसाची कमाई कशी वाढणार, यावर एक ओळ सापडत नाही. कंत्राटदाराची कमाई सोडली तर.

खरं तर घटनेने पंचायतींवर टाकलेलं पहिलं काम तेच आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या अनुच्छेद २४३ जी मध्ये पंचायतींनी 'आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय' यांसाठी योजना तयार कराव्यात असं म्हटलं आहे. सोबतच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले आहेत. शेती, लघुपाटबंधारे, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय, लघुउद्योग, गौण वनोपज, बाजार आणि जत्रा हे सगळे त्यात येतात. महाराष्ट्रात २०१५ पासून 'आमचं गाव आमचा विकास' या नावाने गावोगाव आराखडे होऊ लागले. चौकट आहे, तारखा आहेत, पोर्टल आहे. आर्थिक बाजू तेवढी कोरी राहते. ती कशी भरायची, ते या लेखात पायरीपायरीने पाहू.

आधी 'कशाला?' याचं उत्तर

ग्रामसभेत हा प्रश्न हमखास येतो. 'ज्याचं त्याने कमवावं, पंचायतीचा काय संबंध?' या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही तर पुढचं सगळं कागदावर राहतं. उत्तरासाठी एकाच जिल्ह्यातल्या, आजच्या अहिल्यानगरमधल्या, दोन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली प्रवरा खोऱ्यातली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि कालव्याच्या पट्ट्यात ऊस वाढला. शेतात ऊस उभा राहिला तरी गूळ-साखरेतला फायदा शेतकऱ्याच्या हातात राहत नव्हता. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभं केलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० साली लोणीजवळ सहकारी साखर कारखाना सुरू झाला. एकेका शेतकऱ्याला कारखाना काढणं शक्य नव्हतं, सगळ्यांना मिळून होतं.

दुसरी गोष्ट हिवरे बाजारची. हे गाव पर्जन्यछायेत आहे आणि पाऊस साधारण ४०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पडतो. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, १९९० नंतर, गावाने माथा ते पायथा पाणलोटाची कामं केली आणि पाठोपाठ स्वतःवर बंधनं घालून घेतली. सिंचनासाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं.

एकाच जिल्ह्यात ऊस एका गावपट्ट्याच्या विकासाचा पाया ठरला आणि दुसऱ्या गावाने तोच बंद केला. दोन्ही निर्णय बरोबर होते, कारण दोघांच्या पाण्याचा हिशेब वेगळा होता. म्हणून 'आदर्श गाव' पाहायला जीप भरून जायचं आणि परत येऊन तेच करायचं, हा प्रकार बहुतेकदा फसतो. पाहायला जरूर जा, पण कामं पाहण्याआधी ती कशी ठरली ते विचारा.

एकत्र बसण्याची गरज कुठे लागते, तेही यातून दिसतं. जिथे एकाच्या फायद्याने दुसऱ्याचं नुकसान होतं, तिथे ती लागते. माझ्या ३०० फुटांच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते. माझ्या शेळ्या गायरान चरतात आणि तुमच्या गाईला चारा उरत नाही. हे प्रश्न कोणाच्याही वैयक्तिक मेहनतीने सुटणारे नाहीत. तालुक्याला किंवा मंत्रालयात बसून सुटतील असंही नाही, कारण कोणत्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी असतं ते तिथे कोणाला ठाऊक नसतं.

पायरी १: कोणाला बसवायचं

नियमानुसार ग्राम संसाधन गट असतो: सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (आपले जुने ग्रामसेवक), अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, सहाय्यक कृषी अधिकारी (आपले जुने कृषी सहायक). हा गट ठेवाच. पण आर्थिक बाजूसाठी आणखी काही माणसं लागतात आणि ती सहसा कोणी बोलावत नाही.

दूध संकलन केंद्र चालवणारा हवा. कोणाच्या घरी किती जनावरं, कोणाचं दूध कधी घटतं, पेंडीची उधारी कोणाची किती, हे त्याच्या वहीत असतं. किराणा दुकानदार हवा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर टोळ्या नेणारा मुकादम हवा, तो आवडो न आवडो. विकास सोसायटीचा सचिव, बचत गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्ष, पिकअप चालवणारा पोरगा, आणि भूमिहीन घरांमधली किमान दोन माणसं. बारा-पंधरांच्या वर जाऊ नका. पुढे फक्त भाषणं होतात.

पायरी २: गावाचा जमाखर्च

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या.

एका मोठ्या कागदावर मधोमध गाव काढा. डावीकडून आत येणारे बाण म्हणजे गावात येणारा पैसा: विकलेला शेतमाल, दूध, पुण्या-मुंबईहून येणारी रक्कम, नोकरदारांचे पगार, बाहेरची मजुरी, पेन्शन, सरकारी अनुदानं. उजवीकडून बाहेर जाणारे बाण म्हणजे खतं-बियाणं, पेंड, किराणा, डिझेल, दवाखाना, खासगी शाळेची फी, लग्नं, सावकाराचं व्याज. आता प्रत्येक बाणाला आकडा द्या.

आकडे आणायचे कुठून? घरांची संख्या पंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत मिळते. पिकांखालचं क्षेत्र सातबाऱ्यावर आणि ई-पीक पाहणीत असतं, फक्त ते डोळे झाकून घेऊ नका. बांधावर जाऊन चार गट नंबर पडताळले की नोंदीवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. कर्जाचा आकडा सोसायटीकडे, दुधाचा डेअरीवर, जनावरांचा पशुवैद्यकीय दवाखान्यात. बाकीचं घरांचा नमुना घेऊन विचारायचं. ३०० घरांच्या गावात तीसेक घरं पुरतात, पण ती सर्व वस्त्यांमधून आणि सर्व थरांतून निवडा. पाटलाच्या आळीतलीच तीस घरं घेतली तर गाव उगाच श्रीमंत दिसेल.

आकडा अचूक नसला तरी चालतो. पेंडीवर वर्षाला पाच लाख जातात की पंचवीस, एवढं कळलं तरी चर्चेचं वळण बदलतं.

एक हिशेब करून दाखवतो. समजा विदर्भ-मराठवाड्यातलं ३०० घरांचं गाव आहे, जिथे तूर पिकते. पाच माणसांच्या घराला रोज १०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ३ किलो डाळ लागते. गावाला महिन्याला ९०० किलो, वर्षाला १०८ क्विंटल. ही डाळ गाव दुकानातून विकत घेतं आणि स्वतःची तूर मात्र काढणीनंतर लगेच, भाव पडलेला असताना, बाजार समितीत टाकतं. तुरीतून ७२ टक्के डाळ निघते असं धरलं तर १५० क्विंटल तुरीची डाळ गावातच झाली पाहिजे. मधला फरक, हमाली, आडत, वाहतूक आणि वर उरणारी चुनी, जी जनावरांना चालते, हे सगळं आज गावाबाहेर जातं.

इथे उत्साहाच्या भरात कोणीतरी म्हणेल, 'चला, दालमिल टाकू.' थांबा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दालमिल या भागात ओळखीची आहे आणि महिला गट ती चालवतात. पण अशा यंत्राने तासाला एक क्विंटल धरला तरी १५० क्विंटल म्हणजे दीडशे तासांचं काम. दिवसाला सहा तास चालवलं तर पंचवीस दिवसांत संपलं. उरलेले अकरा महिने यंत्र बंद आणि कर्जाचा हप्ता चालू. म्हणजे शेजारच्या चार-पाच गावांची तूर मिळवता आली, किंवा हरभरा-मूगही त्याच यंत्रावर घेता आला, तरच हिशेब बसतो. अनुदानावर आलेली आणि आज ताडपत्रीखाली पडलेली यंत्रं हा गुणाकार न केल्याने पडली आहेत.

पायरी ३: पाण्याचा ताळेबंद

कोरडवाहू महाराष्ट्रात पाण्याचा हिशेब न करता केलेला आर्थिक आराखडा वाचण्याचीही तसदी घेऊ नये. हिशेब अवघड नाही. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर पाणी. बस, एवढं सूत्र लक्षात ठेवायचं.

समजा शिवार १,००० हेक्टरचं आणि पाऊस ५०० मिलिमीटर. पडलेलं पाणी ५० लाख घनमीटर. आकडा मोठा वाटतो, पण बहुतेक पाणी वाफ होतं, ओढ्याने वाहून जातं किंवा खरिपाची पिकंच पितात. आपल्या काळ्या पाषाणात मुरतं थोडंच. १० टक्के मुरलं असं धरू: ५ लाख घनमीटर. गावाला वर्षभर विहिरीतून काढायला एवढंच आहे.

आता वाटणी. १,५०० माणसांना माणशी रोज ५५ लिटर दिले तर वर्षाला ३० हजार घनमीटर. ६०० मोठ्या जनावरांना दिवसाला ६० लिटर म्हणजे १३ हजार. शेतीसाठी उरले साधारण ४ लाख ५७ हजार.

उसाला पूर्ण हंगामात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचे ५०० वजा केले आणि मधला आकडा घेतला तरी विहिरीतून हेक्टरी १५ हजार घनमीटर द्यावे लागतात. या पाण्यात ऊस बसतो ३० हेक्टर. तेच पाणी रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याला ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या असं दिलं तर ३०० हेक्टरला पुरतं. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि गप्प बसा. पुढची चर्चा ग्रामसभा स्वतः करते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळपास असेल तर तिच्या नोंदी मागून घ्या. आपल्या भागात मुरण्याचं प्रमाण किती धरायचं, तेही त्यांनाच विचारा. १० टक्के हा मी हिशेब दाखवण्यापुरता घेतला आहे. शाळेत पर्जन्यमापक बसवला तर आकडा गावाचा स्वतःचा राहतो आणि मंडळाच्या ठिकाणी पडलेल्या पावसावर वाद घालावा लागत नाही.

पाण्याच्या हिशेबाला जोडून बंधनं येतात आणि त्यातच राजकारण आहे. हिवरे बाजारची चराईबंदी बघा. वरवर ते झाडं वाचवणं वाटतं. प्रत्यक्षात डोंगरावर मोकळी जनावरं बंद झाली, गवत कापून न्यायची मुभा राहिली, गवत वाढलं आणि चारा आला म्हणून दुभती जनावरं वाढली. १९९०च्या दशकाच्या मध्याला गावाचं दूध दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास होतं. २०१० च्या सुमारास ते ४,००० लिटरवर गेलं. हा संबंध आधी समजावून सांगितला तर बंदी टिकते. नुसता ठराव केला तर पहिल्याच उन्हाळ्यात मोडते. आणि बंदीचा पहिला फटका ज्याला बसतो, त्या शेळीवाल्या घरासाठी काय करणार, हे त्याच ठरावात लिहा. हे टाळलं तर तुमचा आराखडा बागायतदारांचा आराखडा होतो.

पायरी ४: वस्तीवर जा

शिवारफेरी, वॉर्डसभा आणि महिला ग्रामसभा यांना उरकायच्या गोष्टी समजू नका. जमाखर्चाचा तक्ता सोबत घेऊन जा आणि लोकांना तो खोडायला लावा. बायका व्याजाचा आकडा दुरुस्त करतात. पुरुषांनी सांगितलेल्या रकमेत मायक्रोफायनान्सचे हप्ते सहसा धरलेले नसतात. तरुणांना 'गावात राहाल का' असं विचारू नका, उत्तर खोटं मिळतं. 'महिन्याला किती मिळाले तर चाकणहून परत याल?' असं विचारा.

पायरी ५: दोन-तीनच गोष्टी निवडा

आतापर्यंत तीसेक कल्पना जमल्या असतील. प्रत्येकीला हे विचारा: कच्चा माल वर्षातून किती महिने मिळतो? पाणी किती लागतं? थ्री फेज वीज किती तास असते? विकत घेणारा कोण, त्याच्याशी कोणी बोललं आहे का? आणि चालवणार कोण? 'गाव चालवेल' हे उत्तर चालत नाही. नाव हवं, किंवा गट हवा.

घेणारा आधी शोधा, हा मुद्दा मी मुद्दाम पुन्हा सांगतो. पापड-लोणची-मसाले ही तीन नावं जवळपास प्रत्येक आराखड्यात असतात आणि बहुतेक ठिकाणी पहिलं प्रदर्शन झालं की संपतात, कारण शेजारचं गावही तेच करत असतं.

निवड करताना गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) डोळ्यासमोर ठेवण्यासारखं आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. मग गावाने स्वतः बांबू विकला. पण त्याआधी अनेक वर्षं तिथे अभ्यासगट चालत होता. एखाद्या विषयावर आधी अभ्यास करायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं, ही तिथली रीत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. हक्क मिळाला तेव्हा त्याचं काय करायचं, हे गावाला माहीत होतं. तुमच्या गावात पेसा (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) किंवा सामूहिक वनहक्क लागू असेल तर तेंदू, मोह, बांबू हे आराखड्यात पहिल्या पानावर यायला हवेत.

पायरी ६: पैसा कुठला कशाला

पंचायतीने धंदा करायचा नाही, धंद्याला लागणारं सामाईक उभं करायचं. शेताचा पाणंद रस्ता, बाजारओटे, दूध केंद्राला शेड, गोदामासाठी जागा, गावतळं, वीजजोडणीचा पाठपुरावा ही पंचायतीची बाजू. यंत्र, खेळतं भांडवल आणि विक्री ही गटाची, शेतकरी उत्पादक कंपनीची किंवा एखाद्या उद्योजकाची. हे दोन एकत्र केले तर सरपंच बदलला की यंत्राला कुलूप लागतं.

केंद्राच्या वित्त आयोगाकडून पंचायतीला येणाऱ्या निधीबद्दल गैरसमज फार. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, मोकळी राहिली ती ४० टक्के. उपजीविकेची कामं त्या मोकळ्या भागातून. नव्या काळाच्या अटी पंचायत समितीतून लेखी घ्या, ऐकीव टक्केवारीवर आराखडा बांधू नका. घरपट्टी-पाणीपट्टीचा स्वनिधीही मोजा. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतात. ही रक्कम दरवर्षी शिलाई यंत्रं आणि खुर्च्या वाटण्यात जाते. तीच निवडलेल्या उद्योगाच्या प्रशिक्षणाला लावता येते का, ते विचारा.

बचत गटांसाठी 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा निधी आणि बँक जोडणी आहे. अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरलं होतं, पण ते कर्जाशी जोडलेलं. अर्ज करायच्या आधी त्या वर्षीचे नियम बघा. बँकेने नाही म्हटलं तर अनुदानही नाही, म्हणून बँक शाखाधिकाऱ्याला पहिल्या बैठकीलाच बोलवा. तो येणार नाही. मग तुम्ही त्याच्याकडे जा.

पायरी ७: ग्रामसभा आणि पोर्टल

आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. म्हणजे पाण्याचा हिशेब सप्टेंबरअखेर, पाऊस सरता सरता, तयार हवा. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी संख्या लागते. महिलांची सभा मुख्य सभेच्या आधी घ्या आणि तिथले ठराव मुख्य सभेत मोठ्याने वाचा.

मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. ऑपरेटर घाईत मागच्या वर्षीच्या नोंदी उचलून टाकतो, हे सर्रास होतं. पोर्टल सर्वांना खुलं आहे. ठराव हातात धरून ओळ न् ओळ ताडून पाहा. 'दारिद्र्यमुक्त आणि उपजीविका वृद्धीस पोषक गाव' ही शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांमधली पहिली संकल्पना आहे, तिच्याखाली तुमची कामं आली आहेत ना, एवढं बघा.

पायरी ८: वर्षभराने काय मोजायचं

किती निधी खर्च झाला, हा प्रश्न तालुका विचारणारच. गावाने वेगळं मोजायचं. मार्चअखेर विहिरींची पाणीपातळी. डेअरीवरचं रोजचं दूध. ऊसतोडीला किंवा भट्टीवर गेलेली घरं. बाहेरून विकत घेतलेली डाळ, पेंड, तेल यांतली एखादी वस्तू. चार आकडे पुरे, पण दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जुना आणि नवा आकडा पंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर लिहा. पाणीपातळीचा आकडा मात्र मे महिन्यात, १ मेच्या सभेला.

आणि कागदपत्रांची सोय लावून ठेवा. दर पाच वर्षांनी निवडणूक होते, नवी बॉडी येते आणि जुन्यांचं सगळं बाजूला पडतं. ग्रामपंचायत अधिकाऱ्याचीही बदली होते, सोबत लॅपटॉपमधल्या फायली जातात. जमाखर्चाचा तक्ता, पाण्याचा ताळेबंद आणि बंधनांचा ठराव यांच्या तीन प्रती काढा: एक पंचायतीत, एक महिला ग्रामसंघाच्या पेटीत, एक शाळेत. शाळेतल्या प्रतीवर दरवर्षी सातवीच्या मुलांनी पावसाची नोंद पुढे लिहायची, असं मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा.